बोटीनं अलिबागला जाणाऱ्यांसाठी: गेटवे वेगळं आणि भाऊचा धक्का वेगळा

बेळगावच्या आमच्या बस बुकिंगच्या काउंटरवर हल्ली रोज कोणीतरी विचारतंय, 'अलिबागला बसऐवजी बोटीनं गेलं तर चालतंय काय?' चालतंय की. पण बोट बेळगावातनं सुटत नाही, मुंबईतनं सुटते, म्हणजे रात्रीची स्लीपर बस तुम्हाला चुकत नाही, बोट वाचवते ती मुंबईच्या पुढची वाट. रस्त्यानं मुंबई ते अलिबाग शंभरेक किलोमीटर आहे आणि शनिवारी सकाळी वडखळला अडकलात तर अर्धा दिवस तिथंच गेला समजा. बोटीनं तासाभरात पलीकडचं मांडवा बंदर, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर.

मुंबईत काहीच काम नसेल, नुसतं अलिबाग करून यायचं असेल तर पुणे-खोपोली-पेणवरनं रस्त्यानंच जावा, हे आम्ही गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो, त्यात आमचं बोटीचं बुकिंग गेलं तरी चालेल. पण एक दिवस मुंबईत पाव्हण्यांकडं आणि पुढं अलिबाग असा बेत असेल तर बोटीसारखं सुख नाही, पोरं तर खूश होतात.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. मुंबईची बोट म्हटलं की आपली माणसं टॅक्सीवाल्याला सरळ गेटवे सांगतात. गेटवेवरनं मांडव्याच्या लहान बोटी सुटतात, त्यात फक्त माणसं, आणि त्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. रो-रो, म्हणजे कार, मोटारसायकल चढते ती मोठी बोट, २०२० च्या मार्चपासून चालू आहे आणि ती सुटते माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरनं. दोन्हींत चार-पाच किलोमीटरचं अंतर, सकाळच्या ट्रॅफिकात ते पाऊण तासाचं होतं. मागच्या दिवाळीत खानापूरकडचं एक कुटुंब, आजी सोबत, स्वतःची गाडी घेऊन गेटवेला जाऊन थांबलं, तिकीट रो-रोचं! बोट गेली, पुढच्या बोटीत गाडीला जागा नाही, आणि फोन आम्हाला. वाईट वाटलं हो, पण इथं बसून आम्ही काय करणार. तेव्हापासून तिकिटावर धक्क्याचं नाव लाल पेनानं लिहून देतो, तेवढं वाचा.

स्लीपरनं जाणाऱ्यांना रो-रो धरायची असेल तर दादरपर्यंत जायची गरजच नाही. वाशीला उतरा, हार्बरची सीएसएमटी लोकल पकडा आणि डॉकयार्ड रोडला उतरा, तिथून धक्का जवळ आहे.

आणखी एक. बस पोचायची वेळ आणि बोट यात आम्ही तीन तास ठेवतो त्यावर बरेचजण कुरकुर करतात, 'एवढा वेळ बसून काय करायचं, मधली बोट द्या की.' बस पुण्याच्या अलीकडं-पलीकडं एकदा रखडली की दीड तास सहज जातो, बोट कुणासाठी थांबत नाही, त्यामुळं तीन तासांच्या खाली आम्ही बुकिंग करत नाही. घाईचं तिकीट देणारे मिळतील, आम्ही देत नाही.

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, गेटवेच्या बोटी बंद असतात. रो-रो चालते, पण समुद्र खवळला तर तीही रद्द होते, म्हणून जुलैत परतीची बस त्याच रात्रीची धरू नका.

गोव्याला बोटीनं जाता येतं काय असं विचारणाऱ्यांना एवढंच, आपल्याला चोर्ला घाट आहे, बसच बरी. तिथं रायबंदर-चोडण फेरीबोट बघा, चालत चढणाऱ्याला तिकीट लागत नाही. रत्नागिरीहून गुहागर करणार असाल तर मात्र जयगड-तवसाळ फेरी धरा, गाडीसकट पलीकडं नेते, चिपळूणचा वळसा वाचतो, त्याचा मार्ग आम्ही फुकट आखून देतो.

बुकिंगला येताना माणसं किती, गाडी असेल तर कुठली आणि तिचा नंबर, आणि बसनं जाणार असाल तर उतरणार वाशीला की दादरला, एवढं ठरवून या.