टेबल डुलतंय? आधी अंगठा लावून बघा

आमच्याकडून फिरतं शूटिंग टेबल (रायफल टेकवून नेम धरायचं, मधल्या शाफ्टवर फिरणारं) नेलेल्या गिऱ्हाइकांचे चवथीनंतर फोन सुरू होतात, टेबल डुलतंय, काय करू. म्हणून हा कागद. टेबल दुसरीकडचं असलं तरी वाचा, दुखणं तेच असतं.

रायफल रिकामी आहे हे बघून बाजूला ठेवा. मग एकाला टेबलाची कड दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही खाली बसून एकेका जोडावर अंगठा असा ठेवा की अर्धा या पार्टवर, अर्धा त्या पार्टवर. अर्धा मिलिमीटर हललेलं डोळ्याला सहज दिसत नाही पण अंगठ्याला लगेच लागतो. जिथे लागला तिथेच काम करायचं, सगळे नट उगाच आवळत सुटू नका.

एवढ्याने काय होतं म्हणाल तर रायफलखालचा पुढचा रेस्ट (टेका) आणि मागची वाळूची पिशवी यांच्यात ५० सेंमी असेल आणि त्यातलं एक टोक १ मिमी उचललं गेलं तर ५० मीटरवर नेम १० सेंमी सरकतो, आणि तिथल्या टार्गेटचा दहा गुणांचा मधला गोल १०.४ मिमीचा असतो! टेबल बसताना थोडं दबलं तर चालतं, नेम परत धरता येतो, ट्रिगर दाबताना हललं की गेलं.

बहुतेक वेळा दोष हबमध्येच, म्हणजे टेबल ज्यावर फिरतं त्या मधल्या भागात. एकाच लहान बेअरिंगवर सगळं टेबल फिरत असेल तर कडेला कोपर टेकताच ते कलणारच, कितीही आवळा. हबमध्ये दोन टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरची) पाहिजेत, एक वर एक खाली, मधे जेवढं अंतर तेवढं बरं. कॅसल नट (वर खाचा असलेला) आवळत जा आणि हाताने फिरवून बघत जा, किंचित जड लागलं की थांबा, खरखर आली तर जास्त झालं किंवा आत गंज आहे (दर्याची हवा, दुसरं काय). मग नट सुटू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन, विसरू नका. आणि फिरणं थांबवणारा लॉक मधल्या शाफ्टवर नको, कडेजवळ क्लॅम्प घ्या, तिथे कमी जोरात जास्त पकड मिळते.

पाय सुटे म्हणजे सॉकेटमध्ये (पाय बसतो त्या खोबणीत) ढील आलीच. एका बोल्टने पाइप एकाच बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला हलतच राहतो, म्हणून काटकोनात दोन बोल्ट लागतात. जुन्या टेबलाला एकच असेल तर घेऊन या, दुसरा नट वेल्ड करून देतो, तोवर फटीत पत्र्याची पट्टी सरकवा.

चौथा पाय लावून द्या असं बरेच जण सांगतात, आम्ही लावत नाही. तीन पाय सड्यावरच्या खडबडीत जांभ्यावरही टेकतात, चारातला एक अधांतरी राहतो. फक्त दोन पायांच्या मधल्या रेषेबाहेर पूर्ण भार टाकू नका, उलटेल. वाळूत किंवा ओल्या शेतात पायांखाली रुंद प्लेट, कडक मातीत टोकदार खिळे. हबखाली वाळूची पिशवी टांगली तर ती पायांना बांधा, नाहीतर तीच झुलते.

पाइपबद्दल एकच. जाडी तीच ठेवून २५ ऐवजी ५० मिमीचा चौकोनी पाइप घेतला तर वजन साधारण दुप्पट, पण वाकायला विरोध जवळपास आठपट. गाडीतून न्यायचं म्हणून बारीक पाइप मागणाऱ्यांनी हे बघून ठरवा.

दुरुस्तीला आणताना हब खोलून आणू नका, ढील आहे तशीच आम्हाला बघू दे.