वेल्सच्या उतारांवर पाणी कोठे मुरते

वेल्सच्या मध्यभागी असलेला पिम्लीमॉन हा डोंगर जेमतेम ७५२ मीटर उंचीचा आहे, आणि त्याचा माथा सपाटसर, गवताळ व दलदलीचा असल्यामुळे लांबून पाहणाऱ्याच्या नजरेत तो भरतही नाही. तरीही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी सेव्हर्न (३५४ किलोमीटर) आणि तिची उपनदी वाय, या दोघीही याच डोंगराच्या अंगावर एकमेकींपासून थोड्याच अंतरावर उगम पावतात. अटलांटिकवरून येणारे दमट वारे येथे वर चढतात, थंड होतात आणि वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस देतात. हा पाऊस एखाद्या मोसमात उरकत नाही, बाराही महिने पडत राहतो. खालचा खडक ४० कोटी वर्षांहून जुन्या घट्ट पंकाश्माचा आणि शेलचा, म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेल्या दगडांचा आहे. त्यावर हिमयुगातील हिमनद्यांनी चिकणमाती आणि दगडगोट्यांचा थर पसरून ठेवला आहे. या दोहोंतून पाणी फारसे खोल जाऊ शकत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी मुरणार की वाहून जाणार, याचा निकाल बहुतेक ठिकाणी वरच्या हात-दीड हात मातीतच लागतो, आणि त्या मातीची अवस्था तिच्यावर काय उगवते व कोण चरते यावर ठरते.

वेल्समधील कोणतीही दरी खालून वर पाहत गेल्यास उताराचे तीन पट्टे ओळखता येतात. तळाशी जिवंत कुंपणांनी आखलेली, खत घालून हिरवीगार ठेवलेली कुरणे असतात. माथ्यावर उघडे डोंगर असतात. तेथे कुंपणे नाहीत, फक्त खरबरीत गवत, हेदरची झुडपे आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची दलदल. या दोहोंच्या मधल्या चढाला वेल्श लोक ‘फ्रीद’ म्हणतात. हा पट्टा ना धड शेत, ना धड रान असा आहे: ब्रॅकन जातीचे नेचे, काटेरी पिवळ्या फुलांचे गॉर्स, विखुरलेली हॉथॉर्न आणि रोवनची झाडे, मध्येच ओला झरा. शेतीच्या हिशेबात त्याला फारसे मोल नसले, तरी पक्षी आणि कीटकांच्या दृष्टीने तो तिन्ही पट्ट्यांत सर्वांत संपन्न मानावा लागेल. पूर्वीचे शेतकरी मातीची पारख याच झुडपांवरून करीत. ब्रॅकनखाली सोने, गॉर्सखाली चांदी आणि हेदरखाली दुष्काळ, अशी वेल्श भाषेत जुनी म्हणच आहे, आणि आधुनिक मृदाविज्ञानाला तिच्यात दुरुस्ती करावी लागलेली नाही. ब्रॅकनच्या भूमिगत खोडांना खोल आणि चांगला निचरा होणारी माती लागते, तर हेदर पातळ, आम्लधर्मी आणि नापीक मातीवरही तग धरते.

या पट्ट्यांमध्ये माणसांचीही ये-जा असे. मे महिन्याच्या आरंभी गुरे-मेंढ्या घेऊन कुटुंबे डोंगरावरच्या ‘हावोड’ या उन्हाळी घरात जात आणि हिवाळ्याच्या तोंडावर खालच्या ‘हेंड्रे’ या मूळ घरी परतत. त्यामुळे दरीतील कुरणांना उन्हाळाभर उसंत मिळे. ही पद्धत काळाच्या ओघात मागे पडली आणि दोन्ही शब्द आता मुख्यतः शेतघरांच्या नावांत उरले आहेत.

जेथे उतार फार तीव्र होता, तेथे जुनी ओकची वने टिकून राहिली. वायव्य वेल्समधील माइन्टूरॉगच्या परिसरात ती आजही पाहता येतात. त्यांना समशीतोष्ण वर्षावने म्हणतात, आणि ही उपाधी अतिशयोक्त नाही. भरपूर पाऊस, सौम्य हिवाळा आणि स्वच्छ हवा यांमुळे येथील ओकच्या फांद्या, दगड आणि पडलेले ओंडके शेवाळांनी, दगडफुलांनी आणि एका पेशीच्या जाडीची पाने असलेल्या नाजूक नेच्यांनी झाकलेले असतात. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून येणारा काळा-पांढरा माशीमार पक्षी याच झाडांच्या ढोल्यांत घरटे करतो. या वनांना मेंढ्यांपासून सरसकट वाचवावे, असे कोणालाही प्रथमदर्शनी वाटेल. परंतु प्रश्न तेवढा सोपा नाही. चराई जास्त झाली की ओकचे एकही रोपटे जगत नाही आणि वन म्हातारे होत जाते. चराई पूर्ण थांबली की ब्रॅम्बल आणि हॉली या काटेरी झुडपांची दाटी होते, खोडांवर सावली पडते, प्रकाश हवा असलेली दगडफुले मरतात आणि माशीमारालाही खालची मोकळी जागा मिळेनाशी होते. थोडकी, आणि शक्य तर मेंढ्यांऐवजी गुरांची चराई या वनांना मानवते.

वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मेंढ्यांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली होती. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यानंतर अनुदान मेंढीमागे मिळत असे, तेव्हा शेतकऱ्याने मेंढ्या वाढवल्या यात त्याचा दोष काढणे मला रास्त वाटत नाही. कळप मोठे झाले, संकरातून मेंढ्या वजनदार झाल्या आणि जास्त गवतासाठी कुरणे नांगरून, चर खणून, नव्याने पेरली गेली. ओल्या चिकणमातीवर हजारो खूर दररोज पडू लागले की मातीच्या कणांमधील मोठी छिद्रे मिटतात. पाणी झपाट्याने खाली नेण्याचे काम हीच छिद्रे करीत असतात. ती मिटल्यावर वरून हिरवेगार दिसणारे कुरण जोराच्या पावसात जवळजवळ फरसबंदीसारखे वागते.

ही गोष्ट आकड्यांनिशी सिद्ध झाली ती पोविस परगण्यातील पाँटब्रेन येथे, सेव्हर्नच्या वरच्या पाणलोट क्षेत्रात. तेथील काही शेतकरी कुटुंबांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरवले की मेंढ्यांची संख्या कमी करायची, अधिक काटक जातीकडे वळायचे आणि खर्च घटवायचा. काटक मेंढी बाहेर राहू शकते, पण वाऱ्यापासून आडोसा तिलाही लागतो; म्हणून त्यांनी झाडांचे पट्टे लावले आणि मोडकळीस आलेली जिवंत कुंपणे पुन्हा भरून काढली. पुढे शेजारची शेते जोडली जाऊन एकूण १० झाली. निसर्गसंवर्धन किंवा पूरनियंत्रण हा त्यांचा मूळ हेतू नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद करायला हवे. काही वर्षांत त्यांच्याच लक्षात आले की पावसात कुरणावरून खळखळत येणारे पाणी झाडांच्या पट्ट्यापाशी पोहोचले की दिसेनासे होते. हे निरीक्षण शास्त्रज्ञांपर्यंत गेले आणि वायव्य वेल्समधील बँगर येथील संशोधकांनी मोजमाप सुरू केले. पहिल्या मोजणीत, लागवडीला अवघी काही वर्षे झालेल्या झाडांखाली पाणी मुरण्याचा वेग लगतच्या चराऊ कुरणाच्या ६० पटींपर्यंत आढळला.

असा आकडा पाहून कोणताही शास्त्रज्ञ साशंक होईल, कारण पट्ट्याला कुंपण घातले की दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात: झाडे येतात आणि मेंढ्या जातात. मग श्रेय कोणाला द्यायचे? त्यासाठी नियंत्रित प्रयोग केला गेला. काही तुकड्यांवर चराई चालू ठेवली, काहींवर ती फक्त बंद केली आणि काहींवर ती बंद करून स्थानिक पानझडी झाडे लावली. नुसती चराई थांबवल्याने पृष्ठभागावरून वाहून जाणारे पाणी सरासरी ४८ टक्क्यांनी घटले. झाडे लावलेल्या तुकड्यांत ते ७८ टक्क्यांनी घटले, आणि पाणी मुरण्याचा वेग चराऊ तुकड्यांच्या ६७ पट भरला. म्हणजे निम्मे काम खुरांच्या अनुपस्थितीने केले आणि उरलेल्यातील बरेचसे मुळांनी. वाढणारी मुळे माती फोडतात, मेलेली मुळे मागे नळ्या ठेवून जातात. मला या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती कालावधीची: माती पूर्ववत व्हायला पिढ्या लागतील अशी समजूत असताना हा फरक थोड्या वर्षांत दिसला. संगणकीय प्रारूपांवरून असेही दिसले की उताराला आडवा, योग्य जागी लावलेला झाडांचा अरुंद पट्टा एका शेतावरून येणारा पाण्याचा कमाल लोंढा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करू शकतो. वरून येणारे पाणी पट्ट्यापाशी मुरत असल्यामुळे थोड्या जागेचा परिणाम पूर्ण शेतावर होतो.

मात्र कोणतेही झाड, कोठेही आणि कसेही लावून हे साधत नाही, आणि त्याचा पुरावा पुन्हा पिम्लीमॉनवरच मिळतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे दोन शेजारच्या पाणलोट क्षेत्रांची तुलना चालू आहे. वायचे क्षेत्र गवताळ आहे, तर सेव्हर्नच्या क्षेत्राचा मोठा भाग सिट्का स्प्रूस या उत्तर अमेरिकी सूचिपर्णी वृक्षाच्या लागवडीखाली आहे. वनाच्छादित क्षेत्रातून नदीला कमी पाणी मिळते असे आढळले, कारण सुयांसारख्या पानांवर अडकलेला बराच पाऊस जमिनीवर पडण्याआधीच वाफ होऊन जातो. दुसरीकडे, अशा लागवडीसाठी डोंगर नांगरून खणलेल्या चरांनी पाणी लवकर खाली पोहोचवले. हवेतील आम्लधर्मी प्रदूषक स्प्रूसच्या पानांवर जमून झऱ्यांत उतरल्याने मध्य वेल्समधील काही प्रवाहांतून ट्राउट मासेही नाहीसे झाले होते.

पाँटब्रेनच्या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. पाऊस जितका प्रचंड आणि माती जितकी आधीच भिजलेली, तितका झाडांच्या पट्ट्यांचा उपयोग कमी. शिवाय एका शेतावरचा परिणाम खाली मोठ्या नदीपर्यंत जाताना विरळ होतो. २००० सालच्या शरद ऋतूत सेव्हर्नकाठच्या श्रूजबरी या इंग्लंडमधील शहराला बुडवणाऱ्या पुरासारखा पूर केवळ कुंपणांनी अडला असता, असे म्हणता येणार नाही. २०१२ पासून वेल्समध्ये पसरलेल्या बुरशीजन्य रोगाने कुंपणांतील अॅश वृक्ष मोठ्या प्रमाणावर मरत आहेत, ही आणखी एक अडचण.

वेल्स सरकारने नव्या कृषी योजनेत प्रत्येक शेताचा किमान १० टक्के भाग झाडांखाली असावा अशी अट सुचवली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये हजारो शेतकरी कार्डिफच्या संसदेसमोर जमले, आणि त्याच वर्षी ती अट मागे घेण्यात आली. ती अट फक्त किती झाडे हे सांगत होती. पाँटब्रेनमध्ये मात्र उताराची कोणती रेघ निवडायची, कोणत्या कोपऱ्यात चिखल साचतो आणि मेंढ्या वाऱ्याच्या दिवशी कोठे गोळा होतात, हे त्या जमिनीवर वाढलेल्या माणसांनी ठरवले होते. झाडांच्या छाटणीतून निघालेल्या लाकडाचे तुकडे ते विकतच्या पेंढ्याऐवजी गोठ्यात अंथरत, आणि ते कुजल्यावर त्याच खतात पुढच्या लागवडीची रोपे वाढवीत.