ठसे व डायकटची हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे (सोलापूर)

जाड कागदाच्या घडीवर ठशांनी चित्र किंवा मजकूर उमटवून आणि धातूच्या साच्याने कापलेले कागदी आकार चिकटवून हाताने केलेले शुभेच्छापत्र. कापण्याच्या साच्याला ‘डाय’ आणि त्यातून निघणाऱ्या आकाराला ‘डायकट’ म्हणतात. सोलापुरात हे काम मुख्यतः घरगुती छंद म्हणून चालते. त्यातली तंत्रे मात्र लग्नपत्रिका करणाऱ्या छापखान्यांच्या ‘पंचिंग’ (साच्याने कापणे) आणि ‘क्रीजिंग’शी (घडीची रेघ दाबून पाडणे) मिळतीजुळती आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा या शहरात घरोघरी आणि पेठांतून बोलल्या जातात. त्यामुळे इथे या कलेतला सर्वांत रोचक भाग चित्रांचा नसून अक्षरांचा आहे.

नाताळाच्या छापील कार्डाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. तिथे १८४० साली एका पेनीत टपाल पोचू लागले आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचे पहिले व्यावसायिक कार्ड काढून घेतले. त्याची रेषा छापलेली आणि रंग हाताने भरलेले होते. आज ठशाची बाह्यरेषा उमटवून आत रंग भरणारा कारागीर नेमके तेच करतो. चार्ल्स गुडइयर यांच्या रबर टणक व टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेला १८४४ मध्ये पेटंट मिळाले आणि रबरी शिक्के त्यानंतर आले. महाराष्ट्रात भेंडी, बटाटा, पाने यांचे ठसेकाम चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाने केलेले असते. शुभेच्छापत्रांचे आपल्याकडचे मोठे हंगाम दोन, दिवाळी आणि संक्रांत. मोबाइलवरच्या संदेशांनी विकतच्या कार्डांची जागा बरीचशी घेतली. हाताने केलेले कार्ड मात्र जपून ठेवले जाते.

कार्डासाठी २२० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद लागतो. ए४ कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाची घडी घातली की ए६ आकाराची दोन कार्डे होतात. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घालावी, नाहीतर ती भेगाळते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वाकतो ती तंतूंची दिशा. घडीच्या रेघेवरून आधी पट्टी धरून शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवले तरी क्रीजिंगचे काम भागते. हातकागद दिसायला देखणा असतो, पण तो शाई शोषतो आणि बारीक रेषा पसरते. त्याच्यावर ठळक ठसेच घ्यावेत.

ठसे दोन जातींचे. लाकडावर बसवलेला रबरी ठसा टिकाऊ असतो, पण तो कागदावर नेमका कुठे बसणार ते दिसत नाही. फोटोपॉलिमर या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पारदर्शक ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून आरपार बघत लावता येतो. शाईची निवड त्याहून महत्त्वाची. डाय शाई (इथे ‘डाय’ म्हणजे विरघळणारा रंग) कागदात मुरते आणि लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाई कागदावर थर धरते, सावकाश वाळते आणि गडद कागदावरही दिसते. वर जलरंग भरायचे असतील तर खालची शाई पाण्याने न सुटणारी हवी.

अक्षर उठावदार करण्याच्या रीतीला एम्बॉसिंग म्हणतात. पिगमेंट किंवा चिकट एम्बॉसिंग शाई ओली असतानाच वर बारीक भुकटी टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायची. भुकटी वितळून अक्षर उंच, चकचकीत होते. संक्रांतीच्या कार्डाला याहून शोभणारी रीत नाही. काळ्या कागदावर पांढऱ्या भुकटीचे टिपके उठवले की काळी चंद्रकळा आणि तिच्यावरचे हलव्याचे दागिने डोळ्यांपुढे येतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत मात्र एक अडचण येते. कागदावर स्थिर वीज साठते आणि भुकटी नको तिथे चिकटून राहते. ठसा मारण्याआधी कागदावरून टाल्कम पावडरीची छोटी पुरचुंडी फिरवली की हा त्रास जातो.

डायची धार एका बाजूला असते. कापण्याच्या यंत्राच्या दोन प्लेटांमध्ये कागद आणि त्याच्यावर धार टेकलेली डाय ठेवून तो थर हँडल फिरवत दोन रुळांमधून काढतात. कापण्याचे काम दाबाने होते. नाजूक जाळीचा आकार साच्यातच अडकतो, म्हणून मध्ये मेणकागद घालतात. कुठे अर्धवट कापले गेले तर साध्या कागदाचा एक जादा थर देऊन दाब वाढवतात. वापरून प्लेटा वाकतात. त्या दर वेळी उलटून वापराव्यात.

आता अक्षरांविषयी. तयार मिळणारे बहुतेक ठसे आणि डाय इंग्रजी शब्दांचे असतात आणि सुट्या रोमन अक्षरांचा शब्द कापला की प्रत्येक अक्षर वेगळे हाती येते. देवनागरीत शिरोरेषा बहुतेक अक्षरे धरून ठेवते. ‘दिवाळी’ हा शब्द सलग एका तुकड्यात कापला जातो, उचलता येतो, सरळ चिकटवता येतो. या कामासाठी याहून सोयीची लिपी क्वचितच सापडेल. निसटतो तो मुख्यतः अनुस्वार: ‘संक्रांत’ कापताना दोन्ही टिंबे हरवतात. ती शिरोरेषेला टेकवून काढावीत किंवा पंचने कापून वेगळी लावावीत. संगणकावर आखून कटिंग मशीनने कापायचे असेल तर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा आधी एकसंध कराव्या लागतात. नाहीतर यंत्र प्रत्येक सांध्यावर कापते आणि शब्द मोडतो.

तेलुगू आणि कन्नडला अशी सलग शिरोरेषा नाही. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तेव्हा सोलापुरात तिन्ही भाषांची कार्डे लागतात. तेलुगू-कन्नड शब्दांमागे त्यांच्याच बाह्यरेषेचा, थोडा रुंद असा एक सलग थर कापून अक्षरे त्याच्यावर बसवणे हा त्यावरचा चांगला उपाय. उर्दूत बरीच अक्षरे एकमेकांना जोडलेली असली तरी नुक्ते सुटे राहतात, म्हणून ईदच्या कार्डावर उर्दू शब्द कापण्यापेक्षा ठशाने उमटवणे बरे.

मराठी मजकुराचा ठसा कार्यालयीन शिक्के करणाऱ्याकडून बनवून घेता येतो. आत शाई भरलेला शिक्का घेऊ नये. त्याच्यावर रंग बदलता येत नाहीत आणि एम्बॉसिंगही जमत नाही. अक्षर फार बारीक ठेवले तर ‘भ’ आणि ‘श’च्या गाठी शाईने बुजतात.

सोलापूरला स्वतःची नक्षीही आहे. जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ठरते. जिथे छिद्र, तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. चादर पालटली की नक्षी तीच राहते, रंग उलटतात. कार्डावर हे सहज साधते. एकच आकार लाल आणि पिवळसर अशा दोन कागदांतून कापायचा आणि कापलेले तुकडे एकमेकांच्या खिडकीत बसवायचे. कागद वाया न जाता उलटसुलट रंगांची जोडी तयार होते. संक्रांतीच्याच सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज, तळ्यातले मंदिर आणि भुईकोट किल्ल्याचे बुरूज हे आकारही डायकटसाठी चांगले आहेत. नंदीध्वज उंच आणि निमुळता, म्हणून तो लांबट कार्डावर घ्यावा आणि मागे पट्टी लावावी.

टपालाने पाठवायच्या कार्डात फोम टेपचे (आकार उचलून धरणाऱ्या जाड चिकटपट्टीचे) थर कमी ठेवावेत. आत हलव्याची पुडी घालायची असेल तर पाकीट जाड घ्यावे आणि वजन टपाल कार्यालयातच करून तिकिटे लावावीत. पारदर्शक ठसे साध्या साबणाच्या पाण्याने धुवावेत. ऊन लागले की ते पिवळे पडतात आणि सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जातो, म्हणून ते झाकणाच्या डब्यात, खिडकीपासून दूर ठेवावेत. स्टॅम्प पॅडही वापर झाल्याबरोबर बंद करावेत. पंख्याखाली उघडे राहिलेले पॅड लगेच सुकू लागते.