तबकडीच्या तळाशी एक 'टी'

रिक्षाच्या मागे चिकटवलेल्या चमकत्या पट्टीला आपण बिनदिक्कत 'रेडियम' म्हणतो. तालुक्याच्या गावीही 'रेडियम आर्ट'चं एखादं दुकान असतंच. त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं. समोरून पडलेला उजेड ती परत फेकते, इतकंच. घड्याळांच्या आकड्यांवर मात्र एके काळी खरंखुरं रेडियम लावत. जुन्या डायव्हिंग घड्याळाचा दुर्मीळपणा ओळखताना जाणकार नेमकं तिथेच भिंग लावतात.

पाणबुड्याला खोल, गढूळ पाण्यात आपण किती मिनिटं खाली आहोत हे कळलंच पाहिजे. १९५३-५४ च्या सुमारास ब्लांपाची फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सची सबमरीनर ही घड्याळं आली, तेव्हा त्यावरचा उपाय ठरलेला होता: झिंक सल्फाइडच्या भुकटीत किंचित रेडियम. रेडियममधून सुटणारे अल्फा कण भुकटीवर आदळतात आणि प्रत्येक आघाताला प्रकाशाची बारीकशी ठिणगी उडते. उजेडात धरून 'चार्ज' करायची गरजच नाही. पण त्याच माऱ्याने भुकटी हळूहळू निकामी होते. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षं. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं ९७ टक्के रेडियम आजही शिल्लक आहे. मेली आहे ती भुकटी. घड्याळ अंधारात मिणमिणतही नाही, पण किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला की कडकडायला लागतो.

हा रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींचे हाल एव्हाना जगजाहीर झाले होते. ब्रशाला टोक यावं म्हणून त्या तो ओठांत धरत, आणि रेडियम हाडांत जाऊन बसे. तरीही घड्याळांतून रेडियम हटायला साठचं दशक उजाडावं लागलं. त्याची जागा घेतली ट्रिटियमने, म्हणजे हायड्रोजनच्या जड, किरणोत्सारी भावाने. याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि त्याचे बीटा कण इतके दुबळे की घड्याळाची काचही त्यांना ओलांडता येत नाही. १९६५ च्या घड्याळात आज त्यातलं तीन-चार टक्केच उरलंय. हेही अंधारात काळंच, पण इथे काउंटर गप्प बसतो.

हा बदल तबकडीवर छापला गेला. सहाच्या खाली, अगदी कडेला, आधी नुसतं 'स्विस' असे. नंतर त्याच्या दोन्ही बाजूंना रोमन 'टी' आले किंवा 'स्विस - टी < २५' असा मजकूर आला. 'टी' म्हणजे ट्रिटियम, आणि २५ हा मिलिक्युरी या किरणोत्साराच्या एककातला आकडा: किरणोत्सार याहून कमी आहे, अशी हमी. खरी गंमत आहे ती मधल्या दोन-तीन वर्षांत. १९६१-६२ च्या काही सबमरीनरवर सहाच्या खुणेखाली एक छोटा ठिपका आढळतो. खूण आणि ठिपका मिळून उद्गारचिन्हच वाटतं. १९६३ च्या आसपासच्या काही तबकड्यांवर बारीकशी आडवी रेघ दिसते. रंगातला किरणोत्सार कमी केल्याची ही खूण, असं संग्राहक मानतात. मोहरीएवढ्या त्या ठिपक्यापायी माणसं लाखांनी जास्त मोजतात! मला हे वेड वाटतं, पण पटणारं वेड.

आता फसगत कुठे होते पाहा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियमही गेलं आणि उजेड साठवून नंतर चमकणारं, किरणोत्सार नसलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आलं. काही काळ तबकडीवर पुन्हा नुसतं 'स्विस' छापलं जाऊ लागलं. त्यामुळे १९६० च्या घड्याळात दुरुस्तीच्या वेळी बदललेली अशी नवी तबकडी असेल, तर अक्षरं जुन्या काळची भासतात. इथे अतिनील टॉर्च कामाला येतो. टॉर्च मारून विझवा. नवा रंग कितीतरी वेळ हिरवा उजळत राहतो; ट्रिटियमचा जुना रंग टॉर्च असेपर्यंत उजळतो आणि क्षणात मावळतो. तबकडी एका तऱ्हेने वागली आणि काटे दुसऱ्या, तर दोघांचा जन्म एका वेळचा नाही किंवा रंग नंतर कुणीतरी भरलाय, असं समजावं.

मजकूर कसा उमटवलाय, हेही भिंगातून तपासतात. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या चकचकीत काळ्या तबकड्यांवर सोनेरी अक्षरं छापलेली नसत. पितळेच्या चकतीवर अक्षरांपुरता थर झाकून बाकीचा भाग काळा करत. झाकण काढलं की खालचं पितळच अक्षर होई. म्हणून अस्सल अक्षर पृष्ठभागाच्या किंचित खाली बसलेलं दिसतं. वर फुगीर सोनेरी शाई दिसली, तर विक्रेत्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

उन्हाने काळ्याची कॉफी झालेल्या तबकड्यांना 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि त्यांनाही चढा भाव मिळतो. एरवी आपण अशा रंगाला 'विटका' म्हणून नाक मुरडतो.

काउंटर कडकडला, तर आनंद जरूर माना, पण हौसेने मागचं झाकण उघडू नका. इतक्या वर्षांत भुसभुशीत झालेला रंग आत धुळीसारखा पडलेला असतो, आणि ती धूळ श्वासावाटे आत गेली की एरवी काचेमुळे अडणाऱ्या अल्फा कणांना अडवायला काहीच नसतं.