भुयारी किल्ल्यांवरचा भरवसा आला कुठून?

युद्धात जमिनीखाली लपायची कल्पना जुनीच, पण "वर कितीही बॉम्ब पडू देत, आत आपण सेफ" हा जो भरवसा आहे ना तो बराचसा पहिल्या महायुद्धातून आलाय, आणि तोही अर्धाच धडा वाचून.

१९१४ मध्ये जर्मनांच्या अवजड तोफांनी बेल्जियममधल्या लिएजच्या किल्ल्यांचा चुराडा केला. ते बघून फ्रेंचांना वाटलं किल्ल्यांचे दिवस संपले, म्हणून १९१५ मध्ये ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दँच्या किल्ल्यांवरच्या बऱ्याच तोफा काढून दुसरीकडे नेल्या आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये तिथला सगळ्यात मोठा दुओमाँ किल्ला मूठभर जर्मन सैनिकांनी जवळपास फुकटात घेतला. पण पुढे महिनोन् महिने भडिमार होऊनही काँक्रीट बऱ्यापैकी टिकलं, मग काय, युद्धानंतर मत पार उलटं फिरलं, किल्ल्यांवर भरवसा परत बसला.

पण त्याच व्हर्दँला आणखी काय काय झालं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. व्हो किल्ला जून १९१६ मध्ये पडला तो मुख्यतः पाणी संपलं म्हणून. तिथून जवळच तावानचा रेल्वे बोगदा होता, त्यात सैनिक, जखमी, दारूगोळा सगळं एकत्र कोंबलेलं. ४ सप्टेंबरला आत आग लागली आणि ५०० हून जास्त फ्रेंच सैनिक गेले, शत्रूचा एकही माणूस आत न येता! वरचं छत भक्कम होतं, पण आतल्या आगीला आणि धुराला छत काय करणार.

त्यानंतर १९३० च्या आसपास माजिनो लाइनचं, म्हणजे फ्रान्सने जर्मनीच्या सीमेवर बांधलेल्या भुयारी किल्ल्यांच्या रांगेचं, काम जोरात सुरू झालं. भुयारात छोटी रेल्वे, वीजघर, बराकी, विषारी वायू आत येऊ नये म्हणून फिल्टर, इंजिनिअरिंग म्हणून खरंच जबरदस्त, उगाच नावं ठेवायला नको. पण बेल्जियमच्या बाजूला ती तितकी पक्की नव्हती, आर्देनच्या जंगलातून मोठं सैन्य येणार नाही असं धरलेलं, आणि मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे तिथूनच आले. लाइनच्या पश्चिम टोकाला ला फेर्ते नावाचा छोटा किल्ला होता, बाहेरून मदतीला पायदळ उरलं नव्हतं, जर्मन इंजिनिअर्सनी वर चढून स्फोटकं लावली आणि आतले सगळे १०७ जण गेले, बहुतेक जण धुराने आणि कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून.

बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याचं तर विचारूच नका. १० मे ला ग्लायडरमधून शंभरच्या आतच जर्मन थेट त्याच्या छतावर उतरले, दुसऱ्या दिवशी किल्ला शरण. आकाशातून कुणी डोक्यावर येईल हा हिशोबच नव्हता.

पॅसिफिकमधल्या इवो जिमा बेटावर १९४५ मध्ये जपानी जनरल कुरिबायाशीने मात्र जिंकायसाठी नाही तर शत्रूला, म्हणजे अमेरिकनांना, जास्तीत जास्त महागात पडावं म्हणून भुयारं खणली होती, आणि तेवढं काम त्यांनी केलं. पण सुमारे २१,००० जपान्यांपैकी जिवंत हाती लागले ते फारच थोडे, कारण बेटावरून निसटायला वाटच नव्हती आणि शरण जायचं नाही, मरेपर्यंत लढायचं असंच ठरलेलं.

२०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारिउपोलच्या अझोवस्ताल पोलाद कारखान्याखालच्या बंकरांतही तेच. युक्रेनी सैनिक तिथे आठवडेच्या आठवडे टिकले, पण चारी बाजूंनी रशियन सैन्याचा वेढा, जखमींना औषधं नाहीत, अन्नपाणी संपत आलेलं, शेवटी मे महिन्यात वरूनच ऑर्डर आली आणि ते बाहेर येऊन शरण गेले.