छर्र्यांची डबी घेण्याआधी
(१० मीटर एअर रायफलच्या नेमबाजांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

काउंटरवर रोज येणारा प्रश्न : "चांगला छर्रा कुठला?" त्यावर आम्ही उलट विचारतो, "सध्या स्कोअर किती येतोय?" काही पालकांना हा आगाऊपणा वाटतो. पण स्कोअर कळल्याशिवाय या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. पॅरिस ऑलिंपिकनंतर कोल्हापुरात रायफल हातात घेणारी मुलं वाढली आहेत, आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यात महाग डबी मागणारेही वाढले आहेत. म्हणून हे लिहून ठेवलं. दुकानात गर्दी असली तर घरी नेऊन वाचा.

छर्र्याने किती फरक पडतो?

निशाण्याच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्यामुळे ठिपक्याला कडेने नुसता शिवला तरी दहा मिळतात. हिशेबाने पाहिलं तर छर्र्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर पडला की १०.०, आणि तिथून आत सरकताना दर पाव मिलिमीटरला दशांश गुण वाढत १०.९ पर्यंत जातो.

आता स्पर्धेतल्या साठ गोळ्यांचा विचार करा. प्रत्येक गोळीमागे फक्त ०.१ कमी पडला तरी शेवटी सहा गुण गेले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, महिलांच्या पात्रता फेरीत रमिता जिंदल ६३१.५ गुणांवर पाचवी आली आणि अंतिम फेरीत गेली. इलावेनिल वलारिवन ६३०.७ वर दहावी राहिली आणि बाहेर पडली. साठ गोळ्यांत मिळून फरक ०.८ चा. त्या पातळीवर डबी निवडायला दोन-दोन दिवस घालवणं वेडेपणा नाही.

पण नवीन मुलाचं चित्र वेगळं असतं. रायफल पाच किलोच्या आसपास, जॅकेट अजून अंगाला बसलेलं नाही, श्वास कुठे रोखायचा ते कळत नाही. त्याच्या गोळ्या केंद्राभोवती आठ-दहा मिलिमीटर फिरत असतात. छर्र्यामुळे होणारी एखाद्या मिलिमीटरची चूक त्यात कुठल्या कुठे हरवून जाते. सरासरी १०.२ च्या, म्हणजे साठ गोळ्यांत ६१२ च्या आसपास टिकून येत नाही तोवर मधल्या दर्जाचा चपट्या तोंडाचा छर्रा घ्या आणि तोच वापरत राहा. उरलेल्या पैशात महिन्याला दोन डब्या जास्त येतात. त्या रेंजवर संपवा. आमचा धंदा असूनही हे सांगतो आहोत.

तोंड चपटंच का?

एअर रायफलचा छर्रा डमरूसारखा असतो. पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे घागऱ्यासारखा पोकळ घेर. हवेचा दाब मागून आला की घेर थोडा फाकतो आणि बॅरलला घट्ट चिकटून हवा अडवतो. डोकं बॅरलमधल्या खाचांवर टेकून सरळ चालतं. टोकदार छर्रे दिसायला झोकदार असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, टोक आहे म्हणजे नेम बरोबर लागणार. दहा मीटरवर टोकाचा काही उपयोग नाही, उलट कागदावर फाटकं भोक पडतं आणि ते दहाला शिवलं की नाही यावर वाद होतो. चपटं तोंड कागद पंच मारल्यासारखा गोल कापतं. स्पर्धेसाठी चपटंच घ्या, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

वजनाचंही थोडक्यात. रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, डबीवर ८.२ ग्रेन असं लिहिलेलं असतं. पिस्तुलाचा हलका, ०.४५ ग्रॅमच्या जवळपास, ७ ग्रेन. काही रायफलींना हलका छर्रा मानवतो, त्यामुळे चाचणीत तोही एकदा मारून बघायला हरकत नाही. सुरुवात मात्र ०.५३ नेच करा.

डबीच्या मागचा आकडा

खरी मेख इथे आहे. डबी उलटी करा. मागे छोट्या स्टिकरवर ४.४९, ४.५०, ४.५१ असा काहीतरी आकडा असतो. तो डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दोन आकड्यांतला फरक मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. एवढ्याने काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण डोकं बॅरलमध्ये किंचित सैल बसलं तर डुलत जातं, फार घट्ट बसलं तर खरवडून निघतं. तुमच्या बॅरलला कुठला आकडा आवडतो ते रायफलच्या कंपनीलाही आधी सांगता येत नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे लागलेले आम्ही पाहिले आहेत. आणि एका कंपनीचा ४.५० दुसऱ्या कंपनीच्या ४.५० सारखाच असेल असंही धरून चालू नका.

मागच्या पावसाळ्यात एक ताई मुलाला घेऊन आल्या. दोन महिने ६१८ च्या खाली न येणारा मुलगा अचानक ६१० वर अडकला होता. कोणीतरी डायॉप्टर (नेम धरायची रायफलची मागची साइट) बदलायला सांगितलं होतं, त्यासाठी आल्या होत्या. आम्ही म्हटलं, आधी जुनी रिकामी डबी दाखवा. मुलाने ती स्क्रू ठेवायला वापरली होती, म्हणून बरं. जुनीवर ४.४९, नवीवर ४.५१. रंग तोच, कंपनी तीच, नाव तेच. दुसऱ्या शहरातून ऑनलाइन मागवलेली, पाठवणाऱ्याने आकडा बघितलाच नव्हता. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट आवळून दोन्ही मारून पाहिले. ४.४९ चे दहा छर्रे एकाच भोकात गेल्यासारखे दिसले, ४.५१ चं भोक एका बाजूला लांबट, शेंगेसारखं. डायॉप्टर विकला गेला नाही. ताई चार डब्या घेऊन गेल्या.

आकड्याशेजारी बॅच नंबरही असतो. छर्रे साच्यात दाबून बनतात, साचा झिजतो, बदलला जातो. त्यामुळे नाव आणि आकडा तोच असला तरी बॅच बदलली की छर्रा थोडा बदलू शकतो. रिकामी डबी फेकू नका, निदान मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. दुकानात नुसतं "निळी डबी द्या" म्हणू नका.

चाचणी कशी करायची

रायफल क्लॅम्पमध्ये बसवून दहा मीटरवर मारणं ही खरी चाचणी. हातात धरून केलेल्या चाचणीत छर्र्यापेक्षा तुमचा त्या दिवसाचा हातच जास्त दिसतो. आमच्याकडे क्लॅम्प आहे. आधी फोन करून वेळ ठरवा, रायफल आणि हवेने भरलेला सिलिंडर घेऊन या.

बॅरलमध्ये आधीच्या छर्र्याच्या शिशाचा पातळ थर असतो. छर्रा बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, बॅरलला सवय होऊ द्यायची. मग दहा-दहा गोळ्यांचे किमान तीन ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचे पुंजके, काढायचे. एकच ग्रुप बघून निर्णय घेऊ नका. एखादा ग्रुप नशिबाने सुंदर येतो आणि त्यावर लोक दहा डब्या घेऊन जातात.

भोक मोजताना एक गफलत हमखास होते. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं आणि साडेसहा मिलिमीटर आलं, तर त्यातून छर्र्याचे साडेचार वजा करा. उरले दोन. म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन छर्र्यांच्या मध्यांतलं अंतर दोन मिलिमीटर. चांगली बॅच बॅरलला जुळली की हे अंतर एक मिलिमीटरच्या आसपास येतं. तिन्ही ग्रुप असे आले की थांबा. यापुढे शोधत बसण्यापेक्षा त्याच बॅचच्या जमतील तेवढ्या डब्या घेऊन ठेवा. रोज शंभर गोळ्या मारणाऱ्याला महिन्याला पाचशेच्या सहा डब्या लागतात, त्या हिशेबाने राज्य स्पर्धेपर्यंतचा साठा काढा. छर्रे जर्मनीहून, चेक प्रजासत्ताकातून येतात. तीच बॅच पुढच्या खेपेला मिळेल याची हमी आम्हीही देऊ शकत नाही.

काही मुलं गुजरीतून सराफी काटा आणून छर्रे तोलतात. मेहनतीचं कौतुक आहे, पण शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर सगळेच ०.५३ दिसणार. त्यापेक्षा उजेडात धरून घेराची कड बघा. वाकलेला घेर बोटांना कळतो, डोळ्यांना तर लगेच. तो सरावाला बाजूला काढा. लोड करताना एखादा छर्रा नेहमीपेक्षा सहज आत घसरला किंवा अडखळला, तरी तोही बाजूला.

ठेवण आणि हात

शिसं मऊ असतं. डबी एकदा फरशीवर पडली की आतले बरेच घेर चेपतात. आमच्याकडेच एक खेप कुरिअरमधून अशी आली की डब्यांची झाकणंच चेपलेली होती. त्या सगळ्या डब्या सरावाच्या भावात विकल्या, आणि तसं सांगून विकल्या. पावसाळ्यात छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते. कोकणातल्या गिऱ्हाइकांना हे चांगलं माहीत आहे. डबी घट्ट लावा, सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा. भुकटी धरलेले छर्रे तेलाने पुसून वापरू नका, काढून टाका.

तीच भुकटी पोटात जाणं वाईट. शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त. छर्रा ओठात धरायची जुनी सवय सोडवा. रेंजवरून आल्यावर आधी साबणाने हात, मग वडापाव. कार्डामागच्या पेटीतली शिशाची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

काही प्रश्न जे येतातच

परवाना लागतो का? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आपली स्पर्धेची रायफल सेकंदाला १७० मीटरच्या आसपास छर्रा सोडते, म्हणजे साडेसात ज्यूलच्या जवळ. साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे .२२ ची एअर रायफल मात्र परवान्यात येते. तिचे छर्रे आमच्याकडे नाहीत. ओळखपत्राची प्रत आम्ही सगळ्यांकडून घेतो, ओळखीच्यांकडूनही.

माकडं, डुकरं हाकलायला चालेल का? नाही. त्या कामासाठी छर्रे मागितले तर आम्ही देत नाही.

५० मीटरसाठी काडतुसं घरी भरता येतील का? परदेशातल्या व्हिडिओंमुळे हा प्रश्न हल्ली वाढला आहे. ५० मीटरला .२२ रिमफायर काडतूस लागतं. त्याचं पेटवण पितळी कडेच्या आतच भरलेलं असतं आणि एकदा वापरलं की ती कड चेपून जाते, त्यामुळे ते पुन्हा भरायचं नसतंच. तिथेही निवड होते ती बॅचचीच, क्लॅम्पवर मारून. बंदुकीची दारू आमच्या दुकानात नाही आणि येणारही नाही.

उघडलेली डबी परत घेत नाही. न उघडलेली, स्टिकर शाबूत असलेली डबी आठ दिवसांत बदलून देतो. येताना रायफलसोबत शेवटची रिकामी डबी मात्र आठवणीने आणा.