घरी बनवलेल्या मोटरसायकलीचं पासिंग : फाइल कुठे अडते आणि कोणती वाट मोकळी आहे

कपाशीची फवारणी आटोपली की दरवर्षी दोन-तीन पोरं तरी माझ्याकडे येतात. मी तालुक्याला बसून लायसन्सचे, पासिंगचे (म्हणजे आरटीओतल्या गाडीच्या नोंदणीचे) ऑनलाइन अर्ज भरून देतो. पोराच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असतो. जुनी चोवीस इंची सायकल, दांडीच्या तिकोनात घट्ट बसवलेलं पंपाचं इंजिन, मागच्या चाकाला दुसरी चेन, आणि गाडी धुरळा उडवत निघालेली. "भाऊ, गाडी तं मस्त चालते. आता फक्त पासिंग करून द्या." वेल्डिंगची सफाई पाहून खरंच कौतुक वाटतं, आणि पुढचं सांगताना तितकंच जड जातं. त्या गाडीचं पासिंग होत नाही. यवतमाळात नाही, अकोल्यात नाही, नागपुरातही नाही.

एका पोरानं तर गाडी छोटा हत्तीत घालून जिल्ह्याला नेली, दिवसाची मजुरी बुडवली आणि संध्याकाळी तशीच परत आणली. खिडकीवर त्याला "कागद आणा" एवढंच सांगितलं गेलं. कोणता कागद आणि तो त्याला कधीच मिळणार नाही, हे कुणी सांगितलं नाही. ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. म्हणून पहिला टाका मारण्याआधी पुढचं वाचा.

२५ सीसीची रेघ

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहन कशाला म्हणायचं ते दिलं आहे. त्यातच एक सूट आहे : चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपेक्षा जास्त नाही असं इंजिन असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. म्हणजे पासिंग, नंबर प्लेट, लायसन्स यातलं काहीच लागत नाही. गावात ही गोष्ट "छोट्या इंजिनाला काही लागत नाही" अशी फिरते आणि तिथेच घात होतो.

फवारणी पंपावर सर्रास येणारं दोन-स्ट्रोक इंजिन २५ सीसीच्या जरासं वरच असतं. मोजून पाहा. सिलिंडरचा व्यास ३४ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक २८ मिलिमीटर असेल, तर हिशोब २५.४ सीसीवर जातो. दुकानदार त्यालाच "पंचवीसचं" म्हणून विकतो. "अर्ध्या सीसीनं काय होते भाऊ?" असं पोरं विचारतात. कायद्याच्या नजरेत तेवढ्यानंच सायकलीची मोटारसायकल होते. गवत कापायच्या मशीनची इंजिनं ४३ आणि ५२ सीसीची असतात, ऑनलाइन मिळणारी किट ४९ पासून ८० सीसीपर्यंत. ती तर सरळ रेघेच्या वरच. बरोबर २५ सीसीची किंवा त्याहून लहान इंजिनंही बाजारात आहेत. पेट्रोलचाच हट्ट असेल तर तेच घ्या. पक्कं बिल घ्या, माहितीपुस्तिका जपून ठेवा आणि इंजिनावरची मापाची पट्टी रंगाखाली जाऊ देऊ नका. रस्त्यात अडवलं तर तोंडी हिशोब कुणी ऐकत नाही.

दुसरा गैरसमज पांदण रस्त्याचा. "मी तं फक्त वावरातच चालवतो." स्वतःच्या वावरात धुऱ्याच्या आत चालवा, कुणी काही म्हणणार नाही. पण वावरापर्यंत जाणारी पांदण सगळ्यांच्या वहिवाटीची आहे. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती, मग तिच्यावर डांबर असो वा चिखल. पांदणीत गाडी आली की कायदा लागू.

जो कागद कुणाकडेच नसतो

समजा इंजिन २५ सीसीच्या वर आहे आणि तुम्ही पासिंगला निघालात. अर्ज फॉर्म २० वर असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फी हे सगळं जमतं. अडतं ते फॉर्म २१ आणि फॉर्म २२ वर. २१ म्हणजे विक्रीचा दाखला. २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे, हे बनवणाऱ्यानं लिहून दिलेलं प्रमाणपत्र. "बनवणारा मीच, मीच सही करतो," असं पोरं म्हणतात. त्या सहीला किंमत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे बनवणाऱ्यानं आधी गाडीचा नमुना ठरवून दिलेल्या चाचणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था. ती वाट कारखानदारांसाठी आखलेली आहे. ब्रेक, आवाज, धूर, सगळ्याची तपासणी. घरी एकच गाडी बनवणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुठेच केलेला नाही. मला हे पटत नाही, पण नियम आज तसाच आहे. म्हणून "खालून काम करून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. एकानं त्यापायी सोयाबीनचे पैसे घालवले आणि हातात आला तो दुसऱ्याच गाडीच्या आरसीचा (नोंदणीच्या दाखल्याचा) झेरॉक्स.

आणखी एक काम कृपा करून करू नका. चेसिस नंबर नाही म्हटल्यावर काही जण लोहाराकडून पंच मारून फ्रेमवर नंबर पाडून घेतात. नंबर पाडायचं काम नियम १२२ नं उत्पादकाकडे दिलं आहे. तुम्ही पाडलेला आकडा उद्या चोरीच्या गाडीचा संशय घेऊन येईल आणि तेव्हा तुम्ही आरटीओच्या खिडकीवर नाही, ठाण्यात उभे असाल.

जुन्या लुनाचं इंजिन काढून सायकलीवर बसवणारेही बरेच आहेत. घरात लुनाची आरसी असते, त्यामुळे कागद आहेतच असं वाटतं. आरसी इंजिनाची नसते, त्या पूर्ण गाडीची असते. चेसिस भंगारात गेली, तर त्या आरसीवर दुसरी फ्रेम चालत नाही. कलम १८२-अ खाली परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. विनापासिंग गाडीला विमा मिळत नाही. पहिल्या खेपेला विम्याविना २,००० आणि लायसन्सविना ५,००० रुपये दंड, तो एक वेळ भरता येतो. पण बाजाराच्या दिवशी कुणा म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला, तर भरपाईचा दावा थेट तुमच्यावर येतो. आणि बनवणारं पोर अठराच्या आतलं असेल, तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून दाखवलं की सोबत आलेले वडील गप्प होतात. पोराला रागावू नका, त्याला खालची वाट दाखवा.

मोकळी वाट : बॅटरीची सायकल

त्याच केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवरच्या हलक्या गाडीला सूट आहे, ती मोटार वाहन धरली जात नाही. मोटरची तीस मिनिटांची ताकद, म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते तेवढी, ०.२५ किलोवॉटपेक्षा (२५० वॉट) कमी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पायडल मारून मदत घेणारी सायकल असेल, तर २५ चा वेग गाठताना मोटरचा जोर कमी होत जाऊन बंद व्हायला हवा, आणि पाय थांबले तर त्याआधीच.

यातही दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे स्टिकर. मोटरवर २५० वॉट लिहिलेलं असतं, पण कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवणारा डबा) पाहिला की खरं कळतं. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून ५४० वॉट खेचण्याची सोय. असा जोड घेऊन मोटर २५० च्या आत आहे म्हणून सांगाल, तर जाणकार निरीक्षक मान्य करणार नाही. कमी अँपिअरचा कंट्रोलर घ्या. चढावर पायडल मारावं लागेल, त्याला इलाज नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सूट आपोआप मिळत नाही. या अटी चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेल्या असाव्या लागतात. किट विकणारा जो कागद दाखवतो तो बहुतेक वेळा मोटरचा असतो, तुमच्या सायकलीचा नसतो. म्हणून माझं सांगणं असं : रोज शाळेला, बाजाराला रस्त्यानं जायचं असेल तर चाचणी झालेली तयार बॅटरी-सायकल घ्या, तिच्या मान्यतेच्या कागदाची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्या, बिलावर मॉडेलचं नाव तेच आहे ना ते पाहा. मग तुमचं कसब कॅरियरवर, कॅन ठेवायच्या जाळीवर, मजबूत स्टँडवर लावा. मोटर, कंट्रोलर आणि वेगाची मर्यादा यांना हात लावू नका. वेगाची मर्यादा राखणारी वायर काढून टाकली की सूटही गेली. स्वतः किट बसवलेली सायकल वावरात बिनधास्त वापरा. तशा सायकली करून विकायचा विचार असेल, तर नमुना तपासून घेतल्याशिवाय एकही विकू नका.

घरात दिव्यांग माणूस असेल तर

हे वेगळं लिहितो, कारण इथे कायदा खरंच मदतीला आहे आणि लोकांना ते माहीत नसतं. वडिलांचा पाय गेलाय, त्यांच्यासाठी पोरगा तीनचाकी करतो. सायकलीपासून सुरुवात करू नका, पासिंग असलेल्या स्कूटरपासून करा. कलम ५२ मध्ये अशा माणसाच्या वापरासाठी स्वतःच्या गाडीत बदल करून मागाहून मंजुरी घेता येते. तरीही मी आधी कार्यालयात जाऊन विचारून यायला सांगतो, कारण बाजूची चाकं कशी चालतील हे निरीक्षकानं आधी सांगितलं तर दुसऱ्यांदा कापाकापी होत नाही.

इथे मुदत चुकते. बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत आरसी आणि फी घेऊन कळवायचं असतं. हे १४ दिवस गॅरेजमधून गाडी बाहेर आली त्या दिवसापासून मोजा, आरटीओच्या कॅम्पची तारीख मिळाली त्या दिवसापासून नाही. गॅरेजवाल्याकडून तारीख घातलेलं बिल घ्या. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र, चालू विमा आणि चारही बाजूंचे फोटो ठेवा. लायसन्सही अशा गाडीचं वेगळं निघतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते काढल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून गाडी गॅरेजमध्ये टाकतानाच त्याचा अर्ज करून ठेवा.